मातीवरची पकड : शर्यतीच्या गाडीकडून टेम्पोवाल्याने काय घ्यावे?

पावसाळ्याचे चार महिने भिवंडीच्या गोदामपट्ट्यात एक दृश्य हटकून दिसते. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली या बाजूला मालाची गाडी डांबरी रस्ता सोडून गोदामाच्या कच्च्या वाटेला लागते आणि शंभर पावलांवर अडकते. मागचे एक चाक गरागरा फिरून चिखल उडवते, दुसरे जागचे हलत नाही. ड्रायव्हर आणखी जोरात रेस देतो, क्लीनर चाकाखाली विटांचे तुकडे सरकवतो, आणि चाक आणखी चार बोटे खाली जाते. खेप चुकते, हमालांची मजुरी चढते, पार्टी फोनवर फोन करते. याहून वाईट दृश्य वळणावर दिसते. ताग्यांनी उंच भरलेला टेम्पो आडवा पडलेला असतो, माल चिखलात असतो आणि ड्रायव्हरला इस्पितळात नेलेले असते.

या दोन्ही प्रसंगांत लोक इंजिनाला, रस्त्याला किंवा नशिबाला दोष देतात. वास्तविक दोन्ही प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत. ती गोष्ट म्हणजे चाकाची जमिनीवरची पकड. आणि या पकडीचा सर्वांत बारकाईने अभ्यास कोणी केला असेल तर तो मातीच्या रस्त्यावर मोटारींच्या शर्यती लावणाऱ्या मंडळींनी. त्यांचे ज्ञान आपल्या गॅरेजवाल्या आणि वाहतूकदार बांधवांच्या कसे उपयोगी पडेल, ते या लेखात पाहू.

हा शौक फार दूरचा आहे असे समजू नये. भिवंडीवरून जाणाऱ्या महामार्गाने सरळ गेले की नाशिक लागते. २०१० नंतरच्या काही वर्षांत राष्ट्रीय रॅली स्पर्धेची 'रॅली ऑफ महाराष्ट्र' ही फेरी त्याच नाशिक परिसरातील कच्च्या रस्त्यांवर झाली. अमेरिकेत तर गावोगावी मातीचे लंबगोल ट्रॅक आहेत. आयोवा राज्यातील नॉक्सव्हिल गावी अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर १९६१ पासून दरवर्षी मोठी शर्यत भरते. तेथे गाडी फक्त डावीकडे वळत राहते, त्यामुळे सगळे कसब वळणात किती वेग टिकवता येतो यावर असते.

पकड म्हणजे काय?

यंत्रमागाच्या कारागिराला हे सांगायला नको. मोटर चांगली असली तरी पट्टा पुलीवर सरकू लागला की माग धड चालत नाही. तेव्हा आपण मोठी मोटर बसवत नाही, पट्टा ताणतो. ताण वाढला की पट्टा पुलीवर अधिक दाबला जातो आणि पकड येते. गाडीचेही तसेच आहे. इंजिन ही मोटर, टायर हा पट्टा, आणि पट्ट्याच्या ताणाचे काम येथे चाकावर आलेले वजन करते.

प्रत्येक टायर जमिनीला केवढा टेकतो? चाकावर ४०० किलो वजन आहे आणि टायरमध्ये २८ पौंड हवा आहे, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन किलो दाब, असे धरू. मग जमिनीला टेकणारा भाग साधारण २०० चौरस सेंटिमीटर येतो, म्हणजे जेमतेम एका पंजाएवढा. चार पंजांएवढ्या रबरावर सगळी गाडी उभी असते. पळणे, थांबणे आणि वळणे ही तिन्ही कामे तेवढ्याच रबराकडून करून घ्यायची असतात. एका कामाला पकड खर्च झाली की दुसऱ्याला कमी उरते. म्हणून वळणात जोरात ब्रेक मारला की गाडी वळायचे सोडून सरळ जाते.

वळणाचा हिशोब

वळणात गाडीला बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २० किलोमीटरचा वेग ४० केला तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ड्रायव्हरचा अंदाज चुकतो तो येथेच.

३० मीटर त्रिज्येचे वळण घेऊ. कोरड्या डांबरावर टायरला वजनाच्या सुमारे ८० टक्के पकड मिळते असे धरले, तर ताशी ५५ किलोमीटरला गाडी घसरू लागेल. दाबून बसलेल्या कच्च्या रस्त्यावर पकड ५० टक्के धरली तर हीच मर्यादा ४४ वर येते. ओल्या चिकणमातीत पकड २५ टक्क्यांवर आली तर ती ३१ वर उतरते. वळण तेच आणि गाडीही तीच, फरक फक्त जमिनीचा. हे आकडे समजुतीसाठी आहेत. टायर झिजलेला असेल तर ते आणखी खाली येतील.

वजन कोठे सरकते?

शर्यतीच्या गाडीचा मिस्त्री सर्वाधिक वेळ इंजिनापाशी घालवत नाही, तो चार चाकांवरच्या वजनापाशी घालवतो. प्रत्येक चाकाखाली काटा ठेवून वजन घेतात आणि स्प्रिंगचे स्क्रू फिरवून ते हवे तसे वाटतात.

याचे कारण असे की वळणात आतल्या चाकांवरचे वजन बाहेरच्या चाकांवर जाते. १,५०० किलोची गाडी घ्या. दोन चाकांमधले अंतर दीड मीटर आहे आणि गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आहे. वजनाच्या निम्म्याइतका आडवा जोर आला तर ३०० किलो वजन आतून बाहेर सरकते. दोन्ही बाजूंना ७५०-७५० असलेला भार ४५० आणि १,०५० होतो. आता माल उंच रचल्यामुळे हाच मध्य एक मीटरवर गेला, तर ५०० किलो सरकते आणि आतल्या बाजूला उरतात अवघे २५०.

कोणी म्हणेल, एकूण वजन तर तेवढेच आहे, मग बिघडले कोठे? बिघडते ते असे, की टायरवरचे वजन दुप्पट केल्याने पकड दुप्पट होत नाही, दुपटीहून कमी होते. बाहेरच्या चाकाने जे मिळवले ते आतल्या चाकाने गमावलेल्यापेक्षा कमी असते. म्हणून भार चारही चाकांवर जितका समान, तितकी एकूण पकड जास्त. शर्यतीची गाडी बुटकी आणि रुंद का असते, याचे उत्तर हेच.

कच्च्यावर घसरते, डांबरावर उलटते

टेम्पोच्या बाबतीत हा हिशोब जिवावर बेततो. चाकांमधले अंतर १.४ मीटर आणि मालासकट वजनाचा मध्य १.२ मीटर उंच असलेली गाडी घ्या. वजनाच्या ५८ टक्के आडवा जोर आला की ती उलटण्याच्या बेताला येते. आपल्या ३० मीटरच्या वळणावर हा वेग ताशी ४७ किलोमीटर होतो. कच्च्या रस्त्यावर ती ४४ लाच घसरू लागेल. मागची बाजू सरकली की ड्रायव्हरला इशारा मिळतो आणि तो सावरतो. परंतु कोरड्या डांबरावर घसरायला ५५ लागतात आणि उलटायला ४७. म्हणजे घसरण्याचा इशारा मिळण्यापूर्वीच गाडी आडवी होते.

माल आणखी उंच रचून मध्य दीड मीटरवर नेला तर उलटण्याची मर्यादा ४२ वर येते, आणि मग ती गाडी कच्च्यावरही घसरण्याआधी कलते. प्रत्यक्षात पाटे दबतात, माल एका अंगाला सरकतो, त्यामुळे या आकड्यांच्या बऱ्याच आधी घात होतो. घसरत चाललेल्या गाडीचे चाक खड्ड्याच्या काठाला अडले तरीही तेच होते.

कच्च्यावर गाडी घसरते म्हणून तेथे सगळे जपून चालवतात, आणि डांबरी रस्ता लागला की निर्धास्त होतात. उंच भरलेल्या गाडीच्या बाबतीत हे नेमके उलटे असायला हवे.

यावर उपाय फुकटचा आहे. बीम, सुताच्या गाठी, यंत्रांचे भाग असा जड माल तळाला ठेवावा आणि हलका माल वर. माल मागच्या धुरीच्या फार मागे लादू नये, कारण त्याने पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. दोर असा बांधावा की वळणात माल सरकणार नाही. शंका असेल तेथे वजनकाट्यावर पुढची आणि मागची धुरी वेगवेगळी तोलून घ्यावी. तेवढ्याने बरेच कळते.

एकच चाक का फिरते?

आता अडकलेल्या गाडीकडे वळू. मागच्या हौसिंगमधल्या डिफरन्शिअलमुळे वळताना आतले चाक कमी आणि बाहेरचे जास्त फिरू शकते. परंतु साध्या डिफरन्शिअलचा एक गुण आहे, तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. चिखलातले चाक जेवढा जोर पेलते, तेवढाच कोरड्या जमिनीवरच्या चाकाला मिळतो. चिखलातले चाक जवळजवळ काहीच पेलत नाही, म्हणून दुसऱ्यालाही काही मिळत नाही. रेस कितीही द्या, सगळा जोर मोकळ्या चाकातून वाहून जातो.

मातीच्या शर्यतीत म्हणूनच दोन्ही चाके एकत्र बांधतात, किंवा ठरावीक मर्यादेपर्यंतच फरक होऊ देणारे डिफरन्शिअल बसवतात. अमेरिकेच्या लंबगोल ट्रॅकवरील अनेक गाड्यांना तर मागे अखंड धुरी असते. मग गाडी वळते कशी? बाहेरच्या बाजूला मोठा टायर आणि आतल्या बाजूला लहान टायर लावून. दीड मीटर अंतराच्या चाकांना ३० मीटरच्या वळणात आतल्यापेक्षा बाहेर सुमारे पाच टक्के जास्त अंतर कापावे लागते. म्हणजे आतल्या टायरचा घेर ८० इंच असेल तर बाहेरचा ८४ इंच हवा. निमुळता पेला जमिनीवर लोटला की तो आपोआप गोल फिरतो, तीच ही युक्ती.

हे वाचून कोणी टेम्पोच्या डिफरन्शिअलला वेल्डिंग मारायला जाऊ नये. पक्क्या रस्त्यावर बांधलेली धुरी टायर खाते, शाफ्टवर ताण आणते आणि ऐन वळणात गाडीला सरळ ओढते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत परवानगीविना फेरफार करता येत नाही. मात्र घेराचा धडा रोजच्या कामाचा आहे. मागे जोडीचे टायर असतात तेथे एक नवा आणि एक झिजलेला लावला, तर मोठ्या घेराचा टायर सगळा भार घेतो आणि लहान नुसता घासत जातो. दोन्ही लवकर मरतात. टायर बदलताना दोरीने घेर मोजून जोड्या लावणारा मिस्त्री मालकाचे पैसे वाचवतो.

अडकलेल्या गाडीत हातब्रेक मागच्या चाकांवर लागत असेल, तर तो एक-दोन दात ओढून हळू रेस द्यावी. मोकळ्या फिरणाऱ्या चाकाला अडथळा झाला की दुसऱ्या चाकाला थोडा जोर मिळतो. हातब्रेक प्रोपेलर शाफ्टवर लागणाऱ्या गाडीत याचा उपयोग नाही.

टायर, हवा आणि माती

शर्यतवाले दिवसातून अनेकदा हवेचा दाब बदलतात. दाब उतरवला की टेकणारा भाग वाढतो. वरच्या उदाहरणात २८ पौंडांचे २० केले तर २०० चौरस सेंटिमीटरचे जवळपास २८५ होतात. भुसभुशीत जमिनीत याचा मोठा फायदा होतो, कारण चाक रुतत नाही. परंतु ती गाडी हलकी असते आणि काही मिनिटेच पळते. भरलेल्या टेम्पोने कमी हवेवर महामार्ग धरला तर टायरची बाजू तापून तो फुटेल. चिखलातून निघण्यापुरती हवा उतरवायची असेल तर भरण्याचा पंप हाताशी हवा आणि गाडी मुंगीच्या चालीने काढायला हवी. बाकी वेळी कंपनीने सांगितलेला दाबच ठेवावा.

नक्षीचे काम मातीप्रमाणे बदलते. चिखलात दूर दूर असलेले मोठे ठोकळे हवेत, म्हणजे माती त्यांत न अडकता फेकली जाते. घट्ट, गुळगुळीत जमिनीवर मऊ रबर आणि बारीक कापे उपयोगी पडतात. गुळगुळीत झालेला टायर दोन्हीकडे निरुपयोगी.

माती ओळखणे हे निम्मे काम आहे. शर्यतीचा ट्रॅक पाणी मारून दाबला की सुरुवातीला चिकट असतो आणि गाड्या त्याला धरून पळतात. चार-सहा शर्यतींनंतर तो सुकून काचेसारखा गुळगुळीत होतो, वर धुळीचे कण उरतात. तेव्हा जाणता चालक रुळलेली वाट सोडून ओलावा उरलेल्या कडेला जातो. आपल्याकडे दाबलेला मुरूम थोडा ओला असताना चांगली पकड देतो. भातखाचरात भराव टाकून केलेल्या वाटेवरची चिकणमाती मात्र पाणी पिऊन साबण होते. डांबरावर पहिल्या पावसाची सर सर्वांत धोक्याची, कारण धूळ आणि सांडलेले तेल मिळून रस्ता निसरडा होतो. चांगला पाऊस पडून रस्ता धुतला गेला की तो सुधारतो.

चालवण्याची रीत

मातीवरचा कसबी चालक वळणाआधी, गाडी सरळ असतानाच ब्रेक मारतो. ब्रेकने वजन पुढे येते, पुढची चाके जमीन धरतात, तेवढ्यात तो स्टेअरिंग वळवतो. वळणाच्या मध्यानंतर रेस हळूहळू वाढवतो, म्हणजे वजन मागे जाऊन मागची चाके ढकलू लागतात. शिरताना सावकाश, निघताना वेगात, हा त्याचा नियम. मोकळ्या खडीवर तो मागची बाजू मुद्दाम थोडी घसरवतो, कारण घसरणारे चाक वरची सैल खडी बाजूला सारून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचते. ही कसरत ट्रॅकवरच शोभते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे.

टेम्पोवाल्याने यातून तीन गोष्टी घ्याव्यात. ब्रेक वळणाआधी मारावा. वळणात पाय आणि हात दोन्ही हळू चालवावेत. आणि चिखलात चाक फिरू लागताच रेस सोडावी, वाढवू नये. फिरणारे चाक खड्डा खणते. वरचा गिअर आणि कमी रेस यांनी जे साधते ते जोराने साधत नाही.

कारागिराची बाजू

आता धंद्याचे बोलू. मातीच्या शर्यतीचे जग म्हणजे केवळ श्रीमंतांची हौस नाही, त्यामागे वेल्डर, टर्नर, पाटेवाला, शॉकअप दुरुस्त करणारा अशा कारागिरांचे हात असतात. २००७ पासून भरणाऱ्या 'बाहा एसएई इंडिया' या स्पर्धेत देशभरातील इंजिनिअरिंग कॉलेजांचे विद्यार्थी कच्च्या जमिनीवर पळणारी एकआसनी गाडी स्वतः बनवतात. तिची सुरुवात इंदूरजवळच्या पिथमपूर येथे झाली. इंजिनाचा जोर मर्यादित ठेवलेला असल्याने निकाल ठरतो तो वजन, पकड आणि मजबुती यांवर. महाराष्ट्रातील कॉलेजेही त्यात उतरतात. चित्र काढणारी ही मुले हुशार असतात, पण पाइप वाकवणे, जोड भरणे, बुश बसवणे यासाठी त्यांना मुरलेला उस्ताद लागतो. अशा गाडीचा पिंजरा चालकाचा जीव वाचवतो, त्यामुळे जोडाची तपासणी कडक असते. ज्याचे वेल्डिंग सरळ आणि माप काटेकोर, त्याला हे काम मिळू शकते, आणि मुलांबरोबर काम करताना हिशोब समजतो तो वेगळाच.

पण त्याहून मोठा फायदा आपल्या रोजच्या गिऱ्हाइकात आहे. टेम्पो दुरुस्तीला आला की इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी मिस्त्रीने चार चाकांकडे पाहावे. एका बाजूचा पाटा बसला आहे का? यू-बोल्ट ढिले आहेत का? शॉकअप गळतो का? गळका शॉकअप चाकाला खड्ड्यावरून उडू देतो, आणि हवेत असलेल्या चाकाला पकड शून्य. बुश झिजले असतील तर धुरी स्वतःच तिरकी होते आणि चाक आपल्या मर्जीने वळते. टायरची झीज आतून जास्त आहे की बाहेरून? मधोमध झीज म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडांना झीज म्हणजे हवा कमी. टायर ही मिस्त्रीची वही आहे, ती वाचता आली पाहिजे.

मालकानेही एवढे ध्यानात ठेवावे. दोन खेपांचा माल एका खेपेत उंच रचून डिझेल वाचते, यात शंका नाही. परंतु त्या गाडीत बसलेला ड्रायव्हर कोणाचा तरी मुलगा आणि कोणाचा तरी बाप असतो. शर्यतीचा चालक पट्ट्याने बांधलेला असतो, त्याच्याभोवती लोखंडी पिंजरा असतो आणि डोक्यावर हेल्मेट असते. आपल्या ड्रायव्हरपाशी यांतला फार तर पट्टा असतो, आणि तोही पुष्कळदा लावलेला नसतो. त्याला खरा आधार त्या चार पंजांएवढ्या रबराचाच. माल भरताना आणि टायर घेताना तेवढे रबर डोळ्यांपुढे असू द्यावे.